आफ्रिकेचे शिकारी मासे आणि उरणचं पाणी

(उरण तालुक्यात, न्हावा शेवा बंदराच्या परिसरात झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. स्वागत आणि आभार वगळले आहेत. भाषा बोलण्यातली आहे, ती शक्यतो तशीच ठेवली आहे.)



समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच घरांत पिढ्यान् पिढ्या मासेमारी झालेली आहे. त्यामुळे मासा म्हणजे काय हे सांगण्यात मी वेळ घालवत नाही. आज बोलायचंय ते एका ठराविक छंदाबद्दल. आफ्रिकेतल्या मोठ्या तळ्यांमधले सिक्लिड जातीचे मासे, त्यातही जे दुसऱ्या माशांना खाऊन जगतात ते, घरात काचेच्या टाकीत ठेवायचे. हल्ली पनवेल, उरण, नवी मुंबई इकडे हा छंद चांगलाच वाढलाय. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला किंवा कुर्ल्याला गेलात तर ‘वेनस्टस’, ‘लिव्हिंगस्टोनी’, ‘फ्रंटोसा’ अशी नावं दुकानदार सहज घेतात. पिशवीत दोन इंचाचं पिल्लू असतं, दिसायला गोड असतं, आणि आपण ते घरी आणतो. पुढे काय होतं, त्याचं हे व्याख्यान.

आधी सिक्लिड म्हणजे कोण ते बघू. हा गोड्या पाण्यातल्या माशांचा एक फार मोठा गोतावळा आहे. आफ्रिकेत आहेत, दक्षिण अमेरिकेत आहेत, मादागास्करला आहेत, आणि आपल्याकडेही आहेत. गोव्यात आणि मालवणाकडे ज्याला कालुंदर म्हणतात, केरळात करीमीन म्हणतात, तो सिक्लिडच. आणि दुसरा, ज्याला आपण चिलापी म्हणतो तोही सिक्लिडच, पण तो आपला नाही. तो मूळचा आफ्रिकेचा. १९५२ साली तो भारतात मुद्दाम आणला गेला. त्या गोष्टीकडे नंतर येतो, कारण आजच्या विषयाचं खरं दुखणं तिथे आहे.

पूर्व आफ्रिकेत तीन मोठी तळी आहेत. व्हिक्टोरिया, टांगानिका आणि मलावी. तळी म्हणतोय खरं, पण मलावी जवळजवळ ५८० किलोमीटर लांब आहे आणि खोली सातशे मीटरच्या आसपास. टांगानिका त्याहून खोल, १,४७० मीटर. एकट्या मलावीमध्ये सिक्लिडच्या आठशेच्या वर जाती असाव्यात असं अभ्यासक मानतात, आणि त्यातल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेही नाहीत.

एका तळ्यात एवढ्या जाती कशा? याचं एक कारण त्यांच्या घशात आहे. सिक्लिड माशाला जबडे दोन असतात. एक बाहेरचा, तोंडाचा. दुसरा आत, घशात. अन्न चिरडायचं, बारीक करायचं काम आतला जबडा करतो. कारेल लीम या शास्त्रज्ञानं १९७३ मध्ये हे नीट मांडलं. चावायचं काम आत गेलं की बाहेरचं तोंड मोकळं झालं. मग ते तोंड वाटेल त्या कामाला वळवता येतं. कुणी दगडावरचं शेवाळ खरवडतो, कुणी वाळू चाळतो, कुणी दुसऱ्याची पिल्लं पळवतो. टांगानिकात तर एक मासा दुसऱ्या माशांचे फक्त खवले ओरबाडून खातो. त्याचं तोंडच एका बाजूला वाकडं असतं, काहींचं डावीकडे, काहींचं उजवीकडे. मिचिओ होरी या जपानी संशोधकानं १९९३ मध्ये दाखवलं की डावखुरे वाढले की बाकीचे मासे त्या बाजूला सावध होतात, मग उजवे वाढतात, आणि हा लंबक असाच फिरत राहतो.

आता आपले शिकारी. मलावीतल्या चौघांची ओळख करून देतो, कारण यांच्या सवयी कळल्याशिवाय टाकी कशी मांडायची ते कळणार नाही.

पहिला लिव्हिंगस्टोनी. तिथल्या भाषेत याला ‘कालिगोनो’ म्हणतात, म्हणजे झोपाळू. अंगावर पांढुरक्या पिवळट रंगावर तपकिरी चट्टे, कुजत चाललेल्या माशासारखे. हा तळाशी जाऊन कुशीवर पडतो आणि मेल्याचं सोंग घेतो. छोटे मासे टोचा मारायला जवळ येतात, आणि हा एका झटक्यात तोंड उघडतो. घरच्या टाकीतही हा आडवा पडतो. नवीन मालकाची तारांबळ उडते, जाळी घेऊन मेलेला मासा काढायला जातो आणि ‘मेलेला’ मासा पळून जातो. तेव्हा लिव्हिंगस्टोनी आडवा दिसला तर घाई करू नका. कल्ले हलताहेत का बघा.

दुसरा वेनस्टस, जिराफासारखे ठिपके असलेला. हा वाळूत अर्धवट पुरून घेतो आणि वाट बघतो. म्हणजे याला वाळू लागते, बारीक वाळू. टाकीच्या तळाशी रंगीत खडे भरून ठेवले तर या माशाचा अर्धा स्वभाव आपण बंद करून टाकला. नर मोठा झाला की तोंड निळं होतं, अंगावर पिवळा रंग चढतो, आणि तो नऊ-दहा इंचांचा होतो. दहा इंच म्हणजे हाताच्या पंजापेक्षा मोठा. लक्षात ठेवा, पिशवीत तो दोन इंचांचा होता.

तिसरा लिन्नी. याचं तोंड नळीसारखं पुढे येतं. खडकाच्या फटीवर हा खाली डोकं करून तरंगत राहतो, हनुवटी दगडाला टेकवून, आणि फटीतून पिल्लू डोकावलं की ओढून घेतो. चौथा कॉम्प्रेसिसेप्स. हा दोन्ही बाजूंनी चापट, सुरीच्या पात्यासारखा. समोरून बघितला तर दिसतच नाही. पाणगवतात डोकं खाली करून उभा राहतो. याला ‘डोळे फोडणारा’ असं भयंकर नाव पडलंय, पण तसं करताना तो फार क्वचित दिसलाय. मुख्य खाणं छोटे मासेच.

आणि टांगानिकाचा फ्रंटोसा, कपाळावर टेंगूळ असलेला, निळे-पांढरे पट्टे. हा धावत नाही. अंधुक प्रकाशात, बाकीचे मासे सुस्तावलेले असताना, सावकाश जाऊन उचलतो. नीट सांभाळला तर वीस वर्षंही जगतो. म्हणजे मूल पहिलीत असताना आणलेला मासा मूल नोकरीला लागेपर्यंत असणार, हे धरून चला.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. हे मासे शिकार फाडत नाहीत, ओढून घेतात. तोंड एकदम फाकवलं की आत पोकळी तयार होते, पाणी आत धावतं आणि पाण्याबरोबर शिकारही. त्यामुळे टाकीतले सोबती निवडताना ‘हा मासा गरीब आहे की भांडखोर’ हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न असा की सोबत्याची उंची याच्या जबड्यात मावते का. मावत असेल तर तो सोबती नाही, जेवण आहे. आज मावत नसेल पण सहा महिन्यांनी मावणार असेल तर तो सहा महिन्यांनंतरचं जेवण आहे.

दुकानात ‘आफ्रिकन मिक्स’ म्हणून एक पिशवी मिळते. त्यात पिवळा लॅब असतो, पीकॉक असतो, एखादा इलेक्ट्रिक ब्लू असतो आणि एखादं वेनस्टसचं पिल्लू. सगळे दोन इंचांचे. लॅब चार इंचांवर थांबतो, वेनस्टस थांबत नाही. आणि तो निळा शोभेचा इलेक्ट्रिक ब्लूसुद्धा तळ्यात दुसऱ्यांची पिल्लं खाऊनच जगतो, हे विकणारे फारसं सांगत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे, मिक्स पिशवी घेऊ नये. जात ठरवावी, तिची पूर्ण वाढ विचारावी, मग टाकी ठरवावी. आपल्याकडे उलट होतं. आधी टाकी, मग मासे, मग पश्चात्ताप.

आता पाण्याकडे येऊ. इथे थोडं रेंगाळणार आहे.

‘आफ्रिकन माशांना खारं पाणी लागतं’ असं एक ठाम मत बाजारात आहे. काही जण मूठमूठ मीठ टाकतात. ते चूक आहे. ही तळी गोडी आहेत. फक्त त्यांचं पाणी अल्कधर्मी आहे. मलावीचा पीएच साधारण ७.८ ते ८.६, टांगानिकाचा नऊच्या आसपास. याला टिकवून धरणारी गोष्ट म्हणजे पाण्यातले बायकार्बोनेट, ज्याला छंदातले लोक केएच म्हणतात. मलावीत केएच सहा ते आठ अंश, टांगानिकात त्याच्या दुपटीहून जास्त. गंमत म्हणजे मलावीचं पाणी कॅल्शियमच्या दृष्टीनं फारसं जड नाहीच. लोक समजतात तितकं तर मुळीच नाही.

आपलं पाणी कसं आहे? कोकणातल्या धरणांचं पाणी पावसाचं, बेसाल्टच्या दगडावरून वाहत आलेलं. ते मऊ असतं. त्यात केएच कमी. असं पाणी टाकीत ठेवलं की माशांच्या घाणीतून आम्ल तयार होतं, ते अडवायला काही नसतं, आणि पीएच हळूहळू घसरत जातो. उलट किनाऱ्याजवळच्या काही बोअरवेलचं पाणी मचूळ असतं. त्यात मीठ आहे, पण मीठ म्हणजे केएच नव्हे. इथे टीडीएस मीटरवर भरवसा ठेवणाऱ्यांची फसगत होते. टीडीएस मीटर सांगतो की पाण्यात काहीतरी विरघळलंय, काय विरघळलंय ते सांगत नाही. हजाराचा आकडा आला म्हणून ‘आफ्रिकन माशांना बरं’ असं होत नाही. केएचचे थेंब टाकून तपासायचं किट मिळतं, ते घ्या. 

केएच वाढवायला काय करायचं? स्वयंपाकघरातला खायचा सोडा. तोच, भज्यांत घालतो तो. हिशेब असा की १०० लिटर पाण्याला ३ ग्रॅम सोडा टाकला की केएच साधारण एक अंशानं वाढतो. म्हणजे ४०० लिटरच्या टाकीत चार अंश वाढवायला ४८ ग्रॅम. पण एका दिवसात नाही. रोज थोडा, पाण्यात विरघळवून. आणि नंतर प्रत्येक वेळी जेवढं पाणी बदलाल तेवढ्याच पाण्याचा सोडा घालायचा, सगळ्या टाकीचा नव्हे. ही बेरीज-वजाबाकी वहीत लिहून ठेवावी.

कॅल्शियमसाठी शिंपले. आपल्या किनाऱ्यावर याची काय कमी? कालवांचे, तिसऱ्यांचे शिंपले उकळून, घासून, चार दिवस उन्हात वाळवून फिल्टरमध्ये एका जाळीच्या पिशवीत ठेवायचे. पाणी आम्लाकडे झुकलं की शिंपला विरघळतो, पीएच आठाच्या वर गेला की जवळजवळ थांबतो. आपोआप चालणारं काम आहे. पण शिंपल्याऐवजी प्रवाळ, म्हणजे कोरल, घालू नका. दुकानात अजून कुठे कुठे पांढरे प्रवाळाचे तुकडे विकायला दिसतात. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते विकणं आणि विकत घेणं दोन्ही गुन्हा आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. इतकी महत्त्वाची की हे एवढं ऐकून बाकी विसरलात तरी चालेल. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. पाण्यात त्याची दोन रूपं असतात. एक बिनविषारी म्हणावं असं, आणि दुसरं जहाल. कुठलं किती, हे पीएच आणि तापमान ठरवतं. पाणी २८ अंश सेल्सिअस असेल आणि पीएच सात असेल, तर जहाल रूप शंभरातलं एकसुद्धा नसतं, ०.७ टक्के. त्याच पाण्याचा पीएच आठ केला तर साडेसहा टक्के. साडेआठ केला तर १८ टक्के. म्हणजे तोच मासा, तेवढीच घाण, तेवढाच अमोनिया, पण विष पंचवीस पट.

याचा अर्थ काय? जुन्या, घाण साचलेल्या टाकीत पीएच घसरून साडेसहावर आलेला असतो. मासे कसेबसे तग धरून असतात, कारण अमोनिया निरुपद्रवी रूपात आहे. मग कुणीतरी सांगतं की अहो, आफ्रिकन मासे आहेत, सोडा घाला. आपण घालतो. संध्याकाळपर्यंत मासे पृष्ठभागावर येऊन श्वास घेतात आणि सकाळी मेलेले असतात. लोक म्हणतात सोड्यानं मारले. सोड्यानं नाही मारले. सोड्यानं आधीच असलेलं विष जागं केलं. म्हणून क्रम असा: आधी अमोनिया तपासा, पाणी बदलून तो शून्यावर आणा, मग पीएच वाढवा.

अमोनिया शून्यावर ठेवायचं काम जिवाणूंचं आहे. ते फिल्टरच्या स्पंजवर, सिरॅमिकच्या नळ्यांवर वस्ती करतात. अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून आज टाकी आणली आणि आजच मासे सोडले, हे चालत नाही. एखाद्या मित्राच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवला तर वेळ बराच वाचतो. आणि नळाचं पाणी थेट ओतू नका. क्लोरीन या जिवाणूंनाही मारतो. पावसाळ्यात गढूळ पाण्यामुळे क्लोरीन वाढवतात, तेव्हा हायपोचं प्रमाण बघून घ्या.

टाकीबद्दल थोडक्यात. वेनस्टससारख्या माशाच्या एका नराला आणि तीन-चार माद्यांना पाच फूट लांब, दोन फूट रुंद टाकी ही किमान. पाच गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे २० घनफूट, म्हणजे ५६६ लिटर. एक लिटर म्हणजे एक किलो. काच, दगड, वाळू, स्टँड धरून पाऊण टनाच्या आसपास वजन जातं. चौथ्या मजल्यावर राहत असाल तर भिंतीलगत, तुळईच्या आधारानं ठेवा, आणि आधी इंजिनीअरला विचारा. टाकीखाली थर्माकोलची पट्टी घाला. दगड आपला काळा बेसाल्ट उत्तम, पाण्यात काही सोडत नाही. पण दगड आधी तळावर ठेवा, मग वाळू भरा. उलट केलंत तर हे मासे खणतात, दगड घसरतो आणि काच जाते.

हीटर? इथे नको. उरणच्या मे महिन्यात घरातलं पाणी एकतीस-बत्तीसला सहज जातं. पंचवीस अंशाच्या पाण्यात प्राणवायू लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅमपर्यंत मावतो, तिसाला साडेसात. शिवाय गरम पाण्यात माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढतात. उन्हाळ्यात खाणं कमी करा, पृष्ठभाग हलता ठेवा, झाकण अर्धं काढून छोटा पंखा लावा. दोन अंश सहज उतरतात. पण जाळी लावा. हे मासे उडी मारतात.

खाण्याचा विषय निघाला की लोकांचे डोळे चमकतात. जिवंत मासा टाकायचा आणि शिकार बघायची. ‘फीडर’ म्हणून स्वस्तातले गप्पी, गोल्डफिश मिळतात. मी याच्या विरोधात आहे. माझ्या भावनेचा भाग सोडून द्या, हिशेबानंच बोलतो. एक, दुकानातले फीडर मासे गर्दीत वाढवलेले असतात, आजार तिथूनच येतात. दोन, गोल्डफिशच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व मोडणारा एक घटक असतो, रोज तेच खाल्लं तर मासा हळूहळू खंगतो. तीन, शिकार करायची सवय लागलेला मासा टाकीतल्या सोबत्यांकडेही तसाच बघायला लागतो. तो तसा बघतच असतो, पण आपण कशाला शिकवणी लावायची?

चांगल्या प्रतीची बुडणारी पेलेट हे मुख्य खाणं ठेवा. आठवड्यातून एक-दोनदा सोललेली करंदी. जवळा सुका असेल तर मीठ न लावलेला, पाण्यात भिजवून. करंजाच्या बाजूला राहणाऱ्यांना हे मी काय सांगू. मटण, कोंबडी, काळीज हे मात्र नको. त्यातली चरबी माशाला पचत नाही. मोठा मासा दिवसातून एकदा, आणि आठवड्यातून एक दिवस उपास. पोट फुगलं, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी आली, मासा खाईना झाला, की समजा ‘मलावी ब्लोट’ म्हणतात तो प्रकार सुरू झालाय. पहिलं काम खाणं बंद आणि पाणी बदल. औषध नंतर, आणि जाणकाराला विचारून.

आता ज्या गोष्टीसाठी मी आजचं बोलणं स्वीकारलं तिकडे येतो.

मासा दहा इंचांचा झाला. टाकी तीन फुटांची आहे. बाकीचे सगळे त्यानं खाऊन टाकलेत. दुकानदार परत घ्यायला तयार नाही. घरातले म्हणतात, मारू नका, पाप लागेल. मग एका संध्याकाळी बादली घेऊन कुणीतरी गावच्या तळ्यावर जातं. बरं वाटतं, जीव सोडला असं वाटतं.

रायगडात जिताडा सगळ्यांना माहीत आहे. खाजणातल्या, गावच्या तळ्यांत पोसलेला जिताडा म्हणजे पाहुणचाराचा मान. जिताड्याच्या तळ्यात छोटे मासे किती उरतात, ते तुम्हीच मला सांगाल. या जिताड्याचा आफ्रिकेत एक सख्खा भाऊबंद आहे, नाइल पर्च. शास्त्रीय नावातही आडनाव एकच, ‘लेटीस’. १९५० च्या दशकात हा नाइल पर्च व्हिक्टोरिया तळ्यात सोडला गेला. हेतू चांगला होता, मोठा मासा मिळेल, लोकांचं पोट भरेल. वीस-पंचवीस वर्षं फारसं काही दिसलं नाही. मग १९८० च्या दशकात तो एकदम वाढला, आणि त्या तळ्यातल्या सिक्लिडच्या शेकडो जातींपैकी सुमारे दोनशे दिसेनाशा झाल्या. एकटा नाइल पर्च जबाबदार नव्हता, पाणीही खराब होत चाललं होतं. पण मुख्य घाव त्याचा. आणि त्या गेलेल्या जातींमध्ये मासे खाणारे शिकारी सिक्लिडही पुष्कळ होते. शिकाऱ्यांना मोठ्या शिकाऱ्यानं खाल्लं.

आपल्याकडे हेच उलट्या दिशेनं होऊ शकतं. १९५२ ला आलेली चिलापी आज कुठे नाही? उजनीला विचारा, तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यात देशी मासा किती आणि चिलापी किती येते. दुसरा आफ्रिकेचाच मांगूर. त्यावर केंद्र सरकारनं २००० साली बंदी घातली, तरी चोरून पाळतात, आणि पुरात तो तळ्यांतून ओढ्यांत जातो. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीत आफ्रिकेचा ज्वेल सिक्लिड असाच शोभेच्या टाक्यांतून जाऊन कायमचा वसलाय. वेनस्टसला थंडी मारते, पण आपल्याकडे ती थंडी नाही. पाणजे, भेंडखळ या पाणथळींच्या आसपास गोड्या पाण्याची जी डबकी, जी तळी आहेत, तिथे छोटे देशी मासे, बेडकांची पिल्लं, डासांच्या अळ्या खाणारे जीव आहेत. त्यांनी असा शिकारी कधी बघितलेला नाही. मेल्याचं सोंग घेणाऱ्या माशाला टोचायला ते नक्की जातील.

तुम्ही बंदराच्या गावातले आहात, म्हणून हे जास्त पटेल. जहाज पोटात पाणी भरून येतं, तोल राखायला. त्या पाण्यातून दुसऱ्या किनाऱ्यांचे जीव येतात. कॅरिबियनकडचा एक काळ्या पट्ट्यांचा शिंपला असाच १९६० च्या दशकात विशाखापट्टणमला सापडला, पुढे मुंबईच्या गोद्यांतही. २००० साली या प्रश्नावर जगातली सहा बंदरं निवडून एक कार्यक्रम सुरू झाला, त्यात मुंबई होतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं मुंबईबरोबर आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या जीवांचीही पाहणी केली. जहाजाच्या पाण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे हजारो टनांच्या जहाजाला नियम आहे. बादलीला विचारणारं कोणी नाही. २०२२ च्या दुरुस्तीनं वन्यजीव कायद्यात परक्या घातक जातींवर बंधनं घालायचा अधिकार केंद्राला मिळालाय, पण रात्री तळ्यावर कोण पहारा देणार?

म्हणून मासा घेतानाच तो परत कुठे जाणार ते ठरवा. दुकानदाराकडून आधीच वदवून घ्या. छंदवाल्यांचे गट असतात, तिथे मोठ्या टाकीवाले शिकारी मासे आनंदानं घेतात. टाकीतलं पाणी आणि पाणवनस्पतीसुद्धा नाल्यात नको, झाडांना घाला. पण सोडा घातलेलं पाणी रोज एकाच कुंडीत ओतू नका, माती बिघडते.

प्रश्न घेऊ.

श्रोता: सर, तो मोठा झालेला मासा खाल्ला तर काय? आमच्याकडे तरी वाया जाणार नाही.

(हशा) प्रश्न अगदी रास्त आहे. मलावीत लोक सिक्लिड रोज खातात. तिथला ‘चांबो’ म्हणजे तिथला पापलेटच समजा. पण टाकीतला मासा खाऊ नका. त्याला औषधं दिलेली असतात, ती माणसाच्या खाण्यासाठी तपासलेली नसतात. कोणीच घेत नसेल आणि मासा आजारी असेल, तर पशुवैद्याला विचारून लवंगाच्या तेलानं त्याला शांतपणे झोपवता येतं. ऐकायला वाईट वाटतं, पण तळ्यात सोडण्यापेक्षा ते बरं.

श्रोत्या: मादी तोंडात पिल्लं धरते असं ऐकलंय. ती खात असते का?

नाही हो ताई, सांभाळत असते. मलावीच्या या माद्या अंडी तोंडात घेतात आणि साधारण तीन आठवडे तशाच राहतात, त्या काळात जवळजवळ काही खात नाहीत. हनुवटी फुगलेली दिसते. तेव्हा तिला जाळीनं पकडू नका, घाबरली तर थुंकते किंवा गिळते. तळ्यात काही मासे तर खालून येऊन अशा मादीच्या तोंडाला धडक देतात, पिल्लं बाहेर पडली की खातात. तिला वेगळ्या छोट्या टाकीत हलवायचं असेल तर रात्री, दिवे बंद असताना, भांड्यात पाण्यासकट उचला.

श्रोता: आमच्याकडे लाइट जाते. पावसात तर चार-चार तास.

बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घ्या, लाइट गेली की आपोआप सुरू होतो तसा. फिल्टर इन्व्हर्टरवर असेल तर उत्तम. नसेल तर लाइट गेल्यावर खाणं अजिबात टाकू नका. आणि बंद कॅनिस्टर फिल्टर तीन-चार तासांनी सुरू करताना आधी त्यातलं साचलेलं पाणी बादलीत काढून टाका. प्राणवायूविना आतले जिवाणू मरायला लागलेले असतात, ते घाण पाणी थेट टाकीत गेलं तर मघाचं अमोनियाचं गणित पुन्हा सुरू होतं.